बिल करताना संगणक अडखळतो, नीट केला तरी पुन्हा तसाच होतो: कारण कुठं शोधायचं

तक्रार अशी असते. दुकानातला संगणक सकाळी सुरू केला की बरा चालतो. दुपारी गर्दी वाढते, बिलाची खिडकी, ब्राउझर, व्हॉट्सअ‍ॅप आणि प्रिंटचं काम एकदम उघडं राहतं, आणि मग मेन्यू उघडताना अडखळतो. टाईप केलेली अक्षरं मागून उमटतात. खिडकी खाली केली तर रेंगाळत खाली जाते. कुणीतरी येऊन 'साफ' करून जातं, थोडे दिवस बरे जातात आणि मग फोन येतो, "ओ, परत तसंच करायलंय बघा."

खानापूर, नंदगड, उचगाव, निपाणी, बेळगावात शहापूर-वडगावकडची दुकानं, झेरॉक्स-डीटीपीवाले, पतसंस्था, कृषी सेवा केंद्रं, सगळीकडून हेच ऐकायला मिळतं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि त्याच्या आगेमागे बऱ्याच जुन्या यंत्रांवर विंडोज ११ चढवलं गेलं. तेव्हापासून ही तक्रार जास्त येते. म्हणून इथं सगळं एका जागी लिहितो. नवीन संगणक घ्यायच्या किंवा फॉरमॅट मारायच्या आधी हे करून बघा. दहातल्या बऱ्याच वेळा खर्च वाचतो.

आधी आजार ओळखा

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडतो. संगणक अडखळत असताना, म्हणजे भर गर्दीच्या वेळीच, त्यातले चार आकडे बघायचे: सीपीयू (मुख्य प्रोसेसर), मेमरी (रॅम), डिस्क आणि जीपीयू (ग्राफिक्स चिप). रिकाम्या वेळी बघून काही कळत नाही.

डिस्क सारखी १०० टक्क्यांवर टेकलेली असेल आणि आत जुनी फिरती हार्ड डिस्क असेल, तर पुढचं सगळं वाचून उपयोग नाही. आधी एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क बसवा. मेमरी ९० टक्क्यांच्या वर असेल तर रॅम वाढवा. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम लागते असं मायक्रोसॉफ्ट सांगते, पण ही नुसती चालू होण्यापुरती गरज आहे. त्यावर ब्राउझरच्या दहा टॅब आणि बिलाचं सॉफ्टवेअर उघडलं की रॅम भरते, उरलेला माल डिस्कवर टाकला जातो आणि डिस्क हळू असली की सगळंच हळू होतं. ८ जीबीच्या खाली दुकानाचं यंत्र ठेवू नका. शक्य असेल तर ८ ची एक पट्टी घेण्यापेक्षा ४-४ च्या दोन पट्ट्या दोन खाचांत बसवा. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या यंत्रात पडद्यावरचं चित्रही याच रॅममधून काढलं जातं. दोन पट्ट्या असल्या की रॅमकडे जायला रस्ता दुप्पट रुंद होतो.

हे इतकं सविस्तर सांगायचं कारण आहे. हल्ली बाजारात काचेच्या बाजूचं, रंग बदलणाऱ्या पंख्यांचं कॅबिनेट फार खपतं. एका पत्रिकावाल्यांकडं असंच यंत्र उघडलं होतं. बाहेर तीन पंखे सात रंगांत फिरत होते, आत रॅमची एकच ४ जीबीची पट्टी आणि जुन्या यंत्रातून काढून लावलेली फिरती डिस्क. मांडव झकास आणि पंगतीला भात कच्चा, अशी ती खरेदी होती. दिवे काढायला सांगत नाही, आवडत असतील तर राहू देत. पण कोटेशन घेताना आधी डिस्क कुठली, रॅम किती, पट्ट्या किती हे लिहून घ्या. कॅबिनेटचं नंतर बघा.

चित्र काढतंय कोण?

डिस्क आणि रॅम ठीक असूनही सीपीयू चढलेला दिसत असेल, तर टास्क मॅनेजरमध्ये 'डेस्कटॉप विंडो मॅनेजर' ही ओळ शोधा. पडद्यावरच्या सगळ्या खिडक्या एकत्र जुळवून एक चित्र बनवण्याचं काम हा कार्यक्रम करतो. ही ओळ सीपीयू जास्त खाताना दिसली की माझा पहिला संशय ग्राफिक्सच्या ड्रायव्हरवर, म्हणजे विंडोजला ग्राफिक्स चिपशी जोडणाऱ्या सॉफ्टवेअरवर जातो.

स्टार्ट बटणावर उजवी क्लिक, डिव्हाइस मॅनेजर, डिस्प्ले अडॅप्टर्स. तिथं इंटेल, एएमडी किंवा एनव्हिडिया असं काही नाव दिसायला हवं. त्याऐवजी 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर' असं दिसलं, तर आजार सापडला. याचा अर्थ खरा ड्रायव्हर बसलेलाच नाही, विंडोजनं कामचलाऊ ड्रायव्हर लावलाय, आणि सावल्या, मागचं अंधुक दाखवणारी धूसर काच, सरकणारे मेन्यू हे सगळं सीपीयू स्वतः काढत बसलाय. अशा यंत्रात टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स पानावर जीपीयूचा आलेखही दिसत नाही. लॅपटॉप असेल तर उजेड कमीजास्त होत नाही. ही दोन्ही लक्षणं दिसली की खात्री समजा.

फॉरमॅट मारल्यावर हे हमखास होतं, कारण घाईत विंडोज टाकलं जातं, प्रिंटर चालतो का एवढं बघितलं जातं आणि माणूस निघून जातो. कधी मोठ्या अपडेटनंतरही चांगला ड्रायव्हर जाऊन दुसरा बसतो. उपाय सोपा आहे. यंत्र बनवणाऱ्या कंपनीच्या किंवा ग्राफिक्स चिप बनवणाऱ्या कंपनीच्या अधिकृत पानावरून मॉडेल नंबर बघून ड्रायव्हर उतरवा आणि बसवा. 'सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये' म्हणणारी फुकटची सॉफ्टवेअरं वापरू नका, ती बरोबर आणखी चार गोष्टी घुसवतात. पडदा नुसता काळा झाला किंवा गोठला तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकत्र दाबा. ग्राफिक्सचा ड्रायव्हर तेवढा पुन्हा सुरू होतो, उघडलेलं बिल जात नाही. हे बटण दुकानातल्या प्रत्येकाला माहीत असायला हवं.

धूसर काचेला एवढी ताकद का लागते, याचा हिशोब बघा. १९२० गुणिले १०८० चा पडदा म्हणजे २०,७३,६०० ठिपके. प्रत्येक ठिपक्याला ४ बाईट धरले तर एका चित्राला सुमारे ८३ लाख बाईट. पडदा सेकंदाला ६० वेळा ताजा होतो, म्हणजे सगळं हलत असेल तर सेकंदाला जवळजवळ ५० कोटी बाईट, आणि तेही फक्त एकदा लिहायला. काचेतून मागचं अंधुक दिसायचं असेल तर मागचे ठिपके आधी वाचावे लागतात, आजूबाजूच्या ठिपक्यांत मिसळावे लागतात आणि मग लिहावे लागतात. हे काम ग्राफिक्स चिपला किरकोळ आहे. सीपीयूला तेच काम बिलाची बेरीज बाजूला ठेवून करावं लागतं. अ‍ॅपलला हा धडा फार लवकर मिळाला. मॅकचा तो चकचकीत 'अ‍ॅक्वा' अवतार जानेवारी २००० मध्ये दाखवला गेला, पण मार्च २००१ मध्ये प्रत्यक्ष आलेली पहिली आवृत्ती त्या वेळच्या यंत्रांवर संथ चालायची. २००२ च्या आवृत्तीत खिडक्या जुळवण्याचं काम ग्राफिक्स कार्डाकडं सोपवलं, तेव्हा कुठं गाडी रुळावर आली.

आता दिखावा काढायचा, पण सगळा नाही

ड्रायव्हर बरोबर आहे, तरी जड वाटतंय, असं असेल तर इफेक्ट्सकडं वळायचं. विंडोज आणि आर दाबा, इंग्रजीत 'एसवायएसडीएम डॉट सीपीएल' ही अक्षरं लिहा, एंटर. वरच्या अ‍ॅडव्हान्स्ड पानावर परफॉर्मन्सच्या खाली सेटिंग्जचं बटण आहे. ते दाबलं की व्हिज्युअल इफेक्ट्सची यादी येते.

इथं बहुतेक जण 'बेस्ट परफॉर्मन्स' निवडून मोकळे होतात. तसं करू नका. त्यानं सगळ्या खुणा एकदम निघतात आणि त्यात अक्षरांच्या कडा गुळगुळीत करणारी खूणही जाते. इंग्रजी बिल करणाऱ्याला त्याचं फारसं काही वाटत नाही. पण आपल्याकडं एकाच पडद्यावर मराठी पत्रिका आणि कानडी अर्ज चालतो. गुळगुळीतपणा गेला की रफार, अनुस्वार, ऱ्हस्व-दीर्घ उकार, जोडाक्षराच्या आतली बारीक गाठ, सगळं दातेरी होतं. कानडीतल्या अक्षराखाली लागणाऱ्या ओत्तक्षराचं तर आणखीनच वाटोळं होतं. प्रूफ बघणाऱ्याचे डोळे संध्याकाळपर्यंत चुरचुरतात आणि 'दिन' आणि 'दीन' यातला फरक नजरेतून सुटतो. म्हणून 'कस्टम' निवडा, सगळ्या खुणा काढा आणि मग निवडक परत लावा.

'स्मूद एजेस ऑफ स्क्रीन फॉन्ट्स' परत लावायचीच. 'शो थंबनेल्स इन्स्टेड ऑफ आयकॉन्स'ही लावा. फोटो आणि पत्रिकांचे नमुने नावावरून शोधत बसण्यापेक्षा चित्रावरून लगेच सापडतात. खिडक्यांखालची सावली माझ्या मते ठेवावी. चार पांढऱ्या खिडक्या एकावर एक असल्या की वरची कुठली हे सावलीवरूनच कळतं, आणि विंडोज ११ मध्ये कडा इतक्या फिकट आहेत की सावलीशिवाय दोन कागद एकच वाटतात. खिडकी ओढताना आतला मजकूर दिसावा ही खूण चांगला ड्रायव्हर असेल तर ठेवा. बाकी मेन्यू सरकणं, विरघळणं, खिडकी मोठी-लहान होताना फुगणं, टास्कबारची हालचाल, यातलं काहीही दुकानाला लागत नाही.

निवड करताना मी एकच प्रश्न विचारतो: हा इफेक्ट मला काही सांगतो का? मॅकवर खिडकी खाली केली की ती डॉकमध्ये ओतल्यासारखी जाते. नवशिक्याला ती हालचाल 'तुझी खिडकी इथं गेली' असं दाखवते. २००६ च्या सुमारास लिनक्सवर कॉम्पिझ नावाचं इफेक्ट्सचं सॉफ्टवेअर आलं तेव्हा डेस्कटॉपचा फिरणारा घनाकृती ठोकळा बघायला संगणकाच्या लॅबमध्ये मुलं गोळा व्हायची. त्या ठोकळ्यातही एक अर्थ होता: शेजारी दुसरा डेस्कटॉप आहे आणि तो या बाजूला आहे. खरी कामाची गोष्ट ती होती, आणि २०१५ मध्ये विंडोज १० नं ती ठोकळ्याशिवाय दिली. विंडोज आणि टॅब दाबून नवा डेस्कटॉप बनवा, विंडोज, कंट्रोल आणि डाव्या-उजव्या बाणानं बदला. एका डेस्कटॉपवर कानडी अर्ज आणि दुसऱ्यावर पत्रिका ठेवली की खिडक्यांची झुंबड निम्मी होते. डीटीपीवाल्यांना हे मी आवर्जून शिकवतो आणि त्यांना ते आवडतंही.

आणि उलटंही खरं आहे. सगळं सपाट केलं म्हणजे कामाचं झालं असं होत नाही. २००७ च्या व्हिस्टानं काचेच्या कडा आणल्या, त्या पूर्ण थाटात चालायला १ जीबी रॅम आणि १२८ एमबी ग्राफिक्स मेमरी लागायची, आणि त्या काळच्या स्वस्त यंत्रांना हा भार झेपला नाही. २०१२ च्या विंडोज ८ नं ती काच काढून टाकली. चांगलं केलं. पण त्याच वेळी स्टार्ट बटणही काढलं आणि पडदाभर रंगीत चौकोन मांडले. काउंटरवरच्या माणसाला संगणक बंद कुठून करायचा तेच सापडेना. २०१३ मध्ये ८.१ आवृत्तीत बटण परत आलं. काच असो नाहीतर चौकोन, दोन्ही ठिकाणी दुकानदाराचा हात कुठं जातो हे विचारायचं राहून गेलं. २०२५ मध्ये अ‍ॅपलनं 'लिक्विड ग्लास' नावानं काच पुन्हा आणली. मॅकवाल्यांनी अ‍ॅक्सेसिबिलिटीत जाऊन डिस्प्लेखालचं 'रिड्यूस ट्रान्सपरन्सी' लावावं, वाचायला लगेच सोपं जातं.

विंडोज ११ मध्ये आणखी एक जागा आहे: सेटिंग्ज, अ‍ॅक्सेसिबिलिटी, व्हिज्युअल इफेक्ट्स. इथं चार गोष्टी आहेत आणि चारही उपयोगाच्या आहेत. ट्रान्सपरन्सी इफेक्ट्स बंद करा. अ‍ॅनिमेशन इफेक्ट्स बंद करा. 'ऑल्वेज शो स्क्रोलबार्स' मात्र चालू करा. सरकपट्टी लपवणं हा निव्वळ दिसण्याचा सोस आहे. यादी खाली अजून किती आहे हे त्या पट्टीवरूनच कळतं, आणि ती लपली की 'माल संपला' समजून माणूस थांबतो. चौथी गोष्ट म्हणजे कोपऱ्यात येणारी सूचना किती वेळ टिकावी. मुळात ती ५ सेकंदांत जाते. गिऱ्हाईकाशी बोलता बोलता ती वाचणं शक्य नाही, १५ किंवा ३० सेकंद करून ठेवा. विंडोज १० वर हेच सगळं 'ईझ ऑफ अ‍ॅक्सेस'मध्ये डिस्प्लेच्या पानावर आहे.

लॅपटॉपवाल्यांनी एक लक्षात ठेवावं. वीज गेली, यंत्र बॅटरीवर आलं आणि बॅटरी सेव्हर लागला की विंडोज काचेचा इफेक्ट आपोआप बंद करते. पावसाळ्यात खानापूरकडं वीज जाते-येते तेव्हा टास्कबारचा रंग बदललेला बघून लोक घाबरून फोन करतात. तो बिघाड नाही.

हलता वॉलपेपर आणि तो भाषेचा छोटा चौकोन

तरुण पोरं दुकानात असली की हलता वॉलपेपर असतोच. धबधबा वाहतोय, ढग सरकताहेत. त्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर मागं कायम चालू असतं. ते काढा. राजहंसगडावरच्या शिवरायांच्या पुतळ्याचा साधा फोटो लावला तर त्याचा काहीही भार पडत नाही, तो खुशाल ठेवा.

पण मोठा फोटो आणि पारदर्शक टास्कबार एकत्र आले की एक वेगळंच दुखणं सुरू होतं, आणि ते फक्त आपल्यासारख्या दुभाषी-त्रिभाषी भागात होतं. टास्कबारच्या उजव्या टोकाला कुठली भाषा चालू आहे ते दाखवणारी दोन-तीन अक्षरं असतात. आपल्याकडं ती अक्षरं म्हणजे अर्धं काम आहे. सरकारी अर्जात नाव कानडीत, पत्रिकेत मराठीत, बिलात इंग्रजीत. फोटोतल्या उजळ आभाळावर ती अक्षरं दिसत नाहीत, माणूस खाली मान घालून सगळी ओळ बडवतो आणि वर बघतो तर मराठी नावाऐवजी कानडी अक्षरांची खिचडी. मग "कीबोर्ड बिघडलाय" म्हणून तक्रार येते.

काच बंद केली की टास्कबार एकरंगी होतो आणि अक्षरं ठळक दिसतात. त्यापुढं जाऊन सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, टायपिंग, अ‍ॅडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज इथं जा. दोन खुणा लावा. एक, प्रत्येक खिडकीसाठी वेगळी भाषा लक्षात ठेवणारी. मग ब्राउझरमध्ये कानडी आणि पत्रिकेत मराठी आपापली राहते, दर वेळी बदलावी लागत नाही. दुसरी, जुनी डेस्कटॉप लँग्वेज बार दाखवणारी. ती पट्टी दिसायला साधी आहे, पण ओढून पडद्यावर पाहिजे तिथं ठेवता येते. मी ती पडद्याच्या वरच्या मध्यावर ठेवायला सांगतो, नजर जाते तिथं. नुडी किंवा श्रीलिपीसारख्या सॉफ्टवेअरमधून जुन्या फॉन्टात टाईप करणाऱ्यांचं भाषा बदलायचं बटण वेगळं असतं. त्यांनी विंडोजची भाषा इंग्रजीवरच ठेवावी, नाहीतर दोन कीबोर्ड एकमेकांवर चढतात.

पुन्हा का होतं?

आता मूळ प्रश्न. सगळं नीट केलं, तरी परत तसंच का?

सर्वांत जास्त आढळणारं कारण: इफेक्ट्सची ही यादी यंत्राची नसते, विंडोजच्या खात्याची असते. दुकानात मालकाचं एक खातं आणि कामगाराचं दुसरं असेल, तर मालकाच्या खात्यात केलेला बदल दुसऱ्या खात्याला लागत नाही. दुरुस्त करणारा सकाळी मालकाच्या खात्यात काम करून जातो, दुपारी अक्का आपल्या खात्यातून बिलं करायला बसतात आणि त्यांना सगळं जुनंच दिसतं. प्रत्येक खात्यात शिरून तेच बदल करा.

दुसरं कारण, यादीत 'लेट विंडोज चूज' ही खूण तशीच राहिलेली असते. मग काय ठेवायचं ते विंडोज ठरवते. 'कस्टम' असेल तर तुम्ही ठरवता.

तिसरं, वर्षातून एकदा येणारं मोठं अपडेट. त्यानंतर ड्रायव्हर, काच आणि अ‍ॅनिमेशन या तीन गोष्टी पुन्हा तपासायच्या. आणि चौथं म्हणजे ज्या सॉफ्टवेअरात तुम्ही काम करता त्याचे स्वतःचे इफेक्ट्स. ते विंडोजच्या यादीतून बंद होत नाहीत. मायक्रोसॉफ्ट ऑफिसमध्ये फाइल, ऑप्शन्स, अ‍ॅक्सेसिबिलिटी इथं 'प्रोव्हाइड फीडबॅक विथ अ‍ॅनिमेशन' आहे, ती खूण काढा. एक्सेलमध्ये चौकट एका घरातून दुसऱ्या घरात घसरत जाते ती मग थेट उडी मारते, आणि रकाने भरताना हात अडत नाही. लिब्रेऑफिसमध्ये खिडकीत काळे ठिगळ दिसत असतील किंवा मजकूर फाटल्यासारखा दिसत असेल, तर टूल्स, ऑप्शन्स, व्ह्यू इथं स्कियाची, म्हणजे त्याच्या चित्र काढणाऱ्या भागाची सेटिंग आहे. 'फोर्स स्किया सॉफ्टवेअर रेंडरिंग' लावून बघा. ब्राउझर अडखळत असेल तर त्याच्या सिस्टीमच्या सेटिंगमधलं ग्राफिक्स अ‍ॅक्सेलरेशन एकदा बंद आणि एकदा चालू करून, ज्यात बरं चालेल तसं ठेवा.

पतसंस्थांच्या शाखांसाठी थोडं वेगळं. खानापूरच्या शाखेतून बेळगावच्या मुख्य कचेरीतला संगणक रिमोट डेस्कटॉपनं उघडला असेल, तर प्रत्येक सावली आणि प्रत्येक सरकता मेन्यू इंटरनेटच्या तारेतून यावा लागतो. जोडणीच्या खिडकीत 'शो ऑप्शन्स' दाबा, एक्सपीरिअन्सचं पान उघडा. वॉलपेपर, मेन्यूची हालचाल, ओढताना मजकूर, अक्षरांचा गुळगुळीतपणा, एकेकाची खूण तिथं वेगळी मांडलेली आहे. अक्षरांची ठेवा, बाकीच्या काढा. लाईन मंद असली तरी खातं उघडायला लागणारा वेळ लगेच कमी झालेला दिसतो.

सॉफ्टवेअर निवडताना

विंडोज आपण बदलू शकत नाही, बिलाचं सॉफ्टवेअर निवडू शकतो. इथं मला कळकळीनं सांगायचंय, कारण सगळ्यात जास्त पैसे इथं वाया जातात.

विकायला येणारा माणूस डेमो दाखवतो तेव्हा रिकाम्या यंत्रावर, दहा वस्तूंच्या यादीवर दाखवतो. रंगीत डॅशबोर्ड, फिरणारे गोल आलेख, हळूच विरघळणारी खिडकी. ओळखीच्या एका किराणा दुकानात असंच नवीन सॉफ्टवेअर घेतलं. जुन्यात एंटर दाबलं की कर्सर पुढच्या रकान्यात जायचा, नव्यात एंटर दाबलं की बिल सेव्ह व्हायचं. पुढच्या रकान्यात जायला माऊस घ्यावा लागे. वस्तू निवडली की पडदा अंधुक होऊन मधोमध एक खिडकी उगवायची. काउंटरवर बसणारे मामा उजव्या हातानं आकडे मारतात, डाव्या हातानं पुडा सरकवतात. माऊस धरायला तिसरा हात कुठून आणायचा? गणपतीच्या आदल्या आठवड्यात त्यांनी सरळ वहीवर बिलं केली आणि रात्री जागून ती संगणकात भरली.

टॅली वापरणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. एफ ८ दाबलं की विक्री, एफ ९ दाबलं की खरेदी. त्याच्या पडद्याला वर्षानुवर्षं कुणी सुंदर म्हटलं नाही, पण बोटांना वाट पाठ असते आणि नजर मालावर राहते.

वेळेचंही काही ठरलेलं आहे. संशोधक रॉबर्ट मिलर यांनी १९६८ मध्येच मांडलं होतं की बटण दाबल्यावर सेकंदाच्या दहाव्या भागात प्रतिसाद आला तर तो माणसाला तत्काळ वाटतो. १९८२ मध्ये आयबीएमच्या वॉल्टर डोहर्टी आणि अरविंद थडानी यांनी दाखवलं की प्रतिसाद सेकंदाच्या खाली आला की माणसाचं काम नुसतं यंत्राचा वेळ वाचतो तेवढंच वाढत नाही, त्याहून जास्त वाढतं, कारण विचार तुटत नाही. गंमत म्हणजे विंडोजमध्ये उपमेन्यू उघडण्याआधी मुद्दाम एक थांबा ठेवलेला आहे, मुळात ४०० मिलिसेकंदांचा. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या कोठारात, 'मेन्यूशोडिले' या नावानं तो बदलता येतो, पण रजिस्ट्रीची सवय नसेल तर हात लावू नका, फायदा तेवढा मोठा नाही.

म्हणून डेमो बघताना माऊस बाजूला ठेवायला सांगा. तुमच्या दुकानातली खरी वस्तूंची यादी आधी भरून मागा, हजार-दोन हजार नावांची, त्यात मराठी आणि कानडी नावंही असू देत. मग काउंटरवर रोज बसणाऱ्या माणसालाच खुर्चीवर बसवा, मालकाला नव्हे, आणि नुसत्या कीबोर्डवर एक लांब बिल सुरुवातीपासून छपाईपर्यंत करायला सांगा. मधे फोन येऊ दे, मधे एक वस्तू परत येऊ दे, एकदा वीज बंद करून बघा आणि अर्धं बिल परत मिळतं का बघा. मराठी नाव छापील पावतीवर फुटतं का तेही तिथंच कळतं. विक्रेता यातल्या एखाद्या गोष्टीला 'पुढच्या आवृत्तीत येईल' म्हणाला तर पैसेही पुढच्या आवृत्तीला द्यायचं ठरवा.

हे सगळं करूनही जड चालत असेल तर

मग बहुधा डिस्क मरायला टेकलेली असते. फाइल उघडताना मधेच सगळं काही क्षण गोठतं, डिस्कमधून टकटक आवाज येतो, कॉपी करताना वेग शून्यावर जाऊन पुन्हा वर येतो, ही तिची लक्षणं. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर उघडा. 'गुड'च्या जागी पिवळं 'कॉशन' किंवा लाल 'बॅड' दिसलं तर त्या दिवशी दुसरं काही करू नका. इफेक्ट्स नाहीत, ड्रायव्हर नाही, फॉरमॅट तर मुळीच नाही. बिलांचा डेटा, पत्रिकांचे फोल्डर, फॉन्टचं फोल्डर आणि डिजिटल सहीच्या टोकनचा सेटअप बाहेरच्या डिस्कवर काढून घ्या, ती बाहेरची डिस्क दुसऱ्या संगणकाला लावून दोन-चार फाइली उघडतात का ते बघा, आणि मगच यंत्र दुरुस्तीला द्या. जुन्या श्रीलिपीच्या फॉन्टचं फोल्डर लोक हमखास विसरतात आणि नंतर वीस वर्षांच्या पत्रिका उघडल्या की नुसती अर्थहीन अक्षरं दिसतात.